दोन टाके मारायला काय जातं?

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. फक्त वाचायच्या आधी हसण्याची इमोजी टाकू नका, एवढी विनंती. ते काम मी आधीच करून बसलोय, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

जुलै 2023 मधला तो व्हिडिओ तुम्हाला आठवत असेल. गडचिरोली जिल्ह्यातली एसटी, गाडी धावतेय आणि टपाचा पत्रा सुटून वाऱ्यावर वरखाली फडफडतोय. अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. मीही त्यावर इथे पोस्ट टाकली होती. मथळा होता, ‘लालपरीला अखेर पंख फुटले’. मथळ्यावर मी स्वतःच खूश होतो. खाली एका मित्राने लिहिलं, “अरे, दोन टाके मारायला काय जातं यांचं?” मी उत्तर दिलं, “सुईदोरा टेंडरमध्ये अडकलाय.” लाइकचा पाऊस पडला. माझ्या पाणीटंचाईच्या बातम्यांना एवढे लाइक कधी मिळाले नाहीत.

मध्यंतरी फेसबुकने तीच पोस्ट ‘आठवण’ म्हणून वर काढली. मी पुन्हा शेअर केली. रात्री साडेनऊला नानांचा फोन आला.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. एसटीत पत्राकाम करून निवृत्त झालेले. मूळचे अमळनेरकडचे. एरवी माझ्याशी साधं मराठी बोलतात, पण चिडले की थेट अहिराणीवर येतात. म्हणाले, “भाऊ, तुन्हं वाचं मी. आते रविवारे ये. मी देस तुले पत्रा. ॲल्युमिनियमना. दोन टाका मारी दाखाड.”

आणि फोन ठेवला.

नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी सकाळी अजिंठा चौफुलीजवळच्या दुकानात गेलो. दुकान नानांच्या भाच्याचं आहे. ट्रकचे रेडिएटर, दुधाच्या कॅनी, गाड्यांचे गिअरबॉक्स, असं सगळं ॲल्युमिनियमचं काम तिथे येतं. बोर्डावर ‘आर्गन वेल्डिंग’ लिहिलंय. आपल्याकडे ज्याला आर्गन म्हणतात, त्याचं कंपनीतलं नाव टिग.

नानांनी आधीच तयारी करून ठेवली होती. एका बाजूला लोखंडी अँगलचे तुकडे. दुसऱ्या बाजूला वीस गेजचा ॲल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे एक मिलिमीटरहूनही थोडा कमी जाड. पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून ठेवलेले. दहा-बारा तरी असतील.

पहिल्यांदा मला लोखंड दिलं. साधा रॉडचा सेट, हातात होल्डर, तोंडावर मास्क. रॉड दोनदा चिकटला, तिसऱ्यांदा टाका बसला. दिसायला गांडूळ वळवळल्यासारखा होता, पण अँगल हातोडीने सुटला नाही. मी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, “आता हा घे.”

ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांच्या कडा जुळवल्या. आर्गनचा टॉर्च हातात दिला. भाच्याने मशीनवर चाळीसेक अँपिअर करंट लावला. मी चाप लावला, निळसर उजेड पडला. काहीच होईना. पत्रा तसाच्या तसा. मी टॉर्च जरा जवळ नेला, एक क्षण थांबलो, आणि पत्रा नाहीसा झाला. वितळताना दिसलाच नाही. आधी पत्रा होता, मग तिथे आठ आण्याएवढं भोक होतं.

नाना म्हणाले, “एक.”

त्यांनी मोजायचं ठरवलेलं होतं.

नऊपर्यंत मोजलं. दहाव्या वेळी टाका बसला, तोही भाच्याने माझं मनगट धरलं म्हणून. शिवाय तिसऱ्या भोकानंतर तुकडा हाताने उचलला आणि बोट भाजून घेतलं. लोखंड तापलं की लाल होतं, आपण सावध होतो. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही. थंडगार चांदीसारखं दिसतं आणि कातडी सोलतं.

मग चहा आला आणि आम्ही बसलो. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला सहा ‘क’ शिकवले होते. काय, कोण, कधी, कुठे, का, कसं. गडचिरोलीच्या पोस्टमध्ये मी पहिले चार भरले होते. ‘का’ला टेंडरच्या विनोदाने उत्तर दिलं होतं. आणि ‘कसं’ हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. तो त्या दिवशी विचारला. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

ॲल्युमिनियमच्या अंगावर कायम एक पातळ थर असतो. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तो आपोआप तयार होतो. घासून काढला तरी लगेच पुन्हा येतो. याच थरामुळे ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजून झडत नाही. पण वेल्डिंगवाल्याचा तो वैरी. आतलं ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि वरचा थर वितळायला दोन हजार अंशांच्या वर लागतात. म्हणजे पिशवी शाबूत आणि आतलं दूध उकळलेलं, अशी अवस्था. बाहेरून काही दिसत नाही. मग पिशवी फुटते आणि सगळं एकदम खाली येतं. माझी नऊ भोकं अशी पडली.

त्यात हा धातू उष्णता धरून ठेवत नाही. साध्या लोखंडापेक्षा चार-पाच पट वेगाने ती सगळ्या पत्र्यात पसरवतो. म्हणून सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. आणि पत्रा लहान किंवा पातळ असेल तर थोड्या वेळात तो अख्खाच तापतो. मग पहिल्या टाक्याला जेवढा करंट पुरला, तेवढाच करंट चौथ्या टाक्याला भोक पाडतो. पायाखाली पेडल असेल तर करंट कमी करायचा, नसेल तर हात वेगाने पुढे न्यायचा. आणि उष्णतेने पत्रा फुगतो, थंड झाला की आखडतो, त्यामुळे सरळ पत्र्याचा पापड होतो.

मग जमणारा माणूस काय करतो? भाच्याने करून दाखवलं.

आधी सफाई. ॲसिटोनने तेलकटपणा पुसला. मग स्टेनलेसच्या तारेच्या ब्रशने कड घासली. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला. लोखंडाला एकदा लावलेला ब्रश इथे लावला की लोखंडाचे कण पत्र्यात जातात आणि जोड खराब होतो. दुकानातल्या पोराने चुकून तो ब्रश अँगलला लावला होता म्हणून त्याला माझ्यासमोरच बोलणी बसली.

मग पत्र्याखाली तांब्याची जाड पट्टी. जास्तीची उष्णता ती ओढून घेते आणि वितळलेलं ॲल्युमिनियम खाली गळू देत नाही. दोन्ही कडा एकमेकींना घट्ट, मध्ये फट नको. पातळ पत्र्यात फट म्हणजे भोकाला आमंत्रण.

मशीन एसीवर. यात करंटची दिशा सेकंदाला कित्येक वेळा उलटसुलट होते. एका दिशेला वरचा थर फुटून साफ होतो, दुसऱ्या दिशेला धातू तापतो. फक्त डीसीवर चालणारा स्वस्त आर्गन सेट स्टीलला चालतो, या कामाला चालत नाही. एसी-डीसी दोन्ही असलेला सेट बराच महाग पडतो. भाच्याने तो हप्त्यावर घेतलाय.

मग टॉर्च जवळजवळ उभा, किंचित कललेला. टोक आणि पत्रा यांच्यात जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. थांबायचं. पाऱ्यासारखा चकचकीत थेंब दिसला की त्याच क्षणी तार टेकवायची आणि पुढे सरकायचं. तो थेंब दिसण्यात आणि भोक पडण्यात पापणी लवण्याएवढं अंतर असतं. आधी दर इंचावर टाके. मग सलग ओढत न जाता एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. शेवटी टॉर्च झटकन उचलायचा नाही. करंट हळूहळू कमी करत शेवटच्या खड्ड्यात तारेचा एक थेंब भरायचा, नाहीतर तिथूनच तडा सुरू होतो.

त्याने जोडलेला तुकडा मी वाकवून पाहिला. जोड सुटला नाही. एकावर एक रचलेल्या नाण्यांसारख्या त्या ओळीवरून मी दोनदा बोट फिरवलं. आधी थंड झालाय का ते विचारून.

मी म्हटलं, “नाना, कबूल. अवघड आहे. पण शेवटी टाका बसतो की. मग एसटीच्या पत्र्याला का नाही मारत?”

नाना या प्रश्नाचीच वाट पाहत होते. लोखंडी अँगल उचलून त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवला. “आता याला त्याच्याशी जोड.”

भाचा हसायला लागला. ॲल्युमिनियम आणि लोखंड अशा वेल्डिंगने एकमेकांना जोडलेच जात नाहीत. वितळून एकत्र आले तर मध्ये काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो आणि टिचकीने सुटतो. गाडीच्या सांगाड्यात लोखंड कुठे ना कुठे येतंच. आणि जिथे खाली ॲल्युमिनियमचाच सेक्शन असेल, तिथे तो जाड आणि वरचा पत्रा पातळ. जाडाला वितळवेपर्यंत पातळ गेलेला असतो. त्यातून जमलंच, तरी कारखान्यात लाटून कडक झालेला पत्रा टाक्याच्या आजूबाजूला नरम पडतो. आतलं प्लाय आणि वायरिंग जळण्याची भीती वेगळीच.

म्हणून रिव्हेट. एसटीच्या ॲल्युमिनियमच्या गाडीला ओळीने जे ठिपके दिसतात ना, ते. लहानपणी आपण खिडकीतून हात बाहेर काढून ते मोजायचो आणि कंडक्टरचा ओरडा खायचो, तेच.

मग रिव्हेट का सुटतात? नानांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. ॲल्युमिनियमचा एक मीटर पत्रा एक अंश तापला की 0.023 मिलिमीटर वाढतो. लोखंड 0.012, म्हणजे साधारण निम्मं. आता दोन मीटरचा पत्रा धरा. जानेवारीच्या पहाटे 10 अंश. मे महिन्याच्या दुपारी आपल्या जळगावच्या उन्हात टप सहज साठावर जातो. फरक 50 अंशांचा. पत्रा 2.3 मिलिमीटर वाढला, खालचं लोखंड 1.2. उरलेला एक मिलिमीटर कोण सोसणार? रिव्हेट. एवढी ओढ वर्षाकाठी, आणि तिचा छोटा भाऊ रोज. त्यात आपल्या रस्त्यांचे दणके. त्यात पावसाचं पाणी दोन धातूंच्या मध्ये शिरलं की ॲल्युमिनियम रिव्हेटच्या भोवतीने खायला लागतं. भोक मोठं होतं, रिव्हेट खुळखुळतो. एक ढिला झाला की त्याचा भार शेजारच्यावर.

नाना म्हणाले, “पत्रा एका दिवसात उडत नाही भाऊ. आधी महिना महिना हाका मारतो. ऐकणारा कान पाहिजे.”

हाक कशी ओळखायची, तेही त्यांनी सांगितलं. रिव्हेटच्या डोक्याभोवती काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ दिसली की समजायचं, तो आत हलतोय. घासून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी काळी दिसते. मग पत्रा थडथडायला लागतो. मग कड उचलली जाते. यातल्या पहिल्या पायरीवर पाच-दहा रिव्हेट बदलून भागतं. शेवटच्या पायरीवर जुने रिव्हेट ड्रिलने काढा, खालचा सेक्शन तपासा, खाल्लेली कड कापा, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे तो पुढे धावत नाही, मग वरून तुकडा बसवा. दोन कारागिरांचा अर्धा दिवस. आणि संध्याकाळच्या फेरीला ती गाडी पाहिजेच असते.

हे सगळं ऐकून मला वाटलं, आता नाना म्हणणार की कुणाचीच चूक नाही. तसं झालं नाही. 2022 च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूरकडच्या रस्त्यावर, धावत्या एसटीचा बाहेर आलेला पत्रा लागून दोघांचे हात तुटले. ती बातमी मीही दिली होती. तिचा विषय मी काढला तेव्हा नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सुटलेला पत्रा घेऊन गाडी आगाराबाहेर काढणं हे पापच. त्याला माफी मागू नको. पण कोणी काढली, एवढंच विचारून थांबू नको. बसवायला हात किती होते, तेही विचार.”

मला हे लागलं. कारण मी पहिला प्रश्न विचारून थांबणाऱ्यांपैकी आहे.

कुणी म्हणेल, आता ॲल्युमिनियमची बॉडी जुनी झाली, महामंडळ माइल्ड स्टीलच्या बॉडीकडे वळलंय. खरं आहे. एसटी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली तेव्हा बॉडी लाकडाची होती आणि वर कापडी छत. लाकूड गेलं, ॲल्युमिनियम आलं, आता स्टील. स्टीलला टाका मारता येतो, अपघातात सांगाडा जास्त तग धरतो. पण स्टील गंजतं. गंजलेल्या पातळ पत्र्यावर टाका मारायलाही हात लागतोच. धातू बदलला म्हणून कारागिराची गरज संपत नाही.

हे हात येतात कुठून? भाच्याने आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केलाय. एक वर्षाचा. तिथे हात बसला तो लोखंडावर. ॲल्युमिनियम शिकला चाकणला, कंपनीत. मी विचारलं, शिकायला किती दिवस लागले? म्हणाला, “दिवस नाही मोजले दादा. भोकं मोजली. पहिल्या महिन्यात रोज शंभर. कंपनीचा पत्रा, कंपनीचा गॅस, म्हणून पाडता आली. इथे कुणाच्या पैशाने पाडणार?”

घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. मी नऊ भोकं पाडली ती नानांच्या पत्र्यावर आणि भाच्याच्या आर्गनवर. पैसे द्यायला गेलो तर दोघांनी घेतले नाहीत. पण कुणीतरी ते दिलेच. कारागीर तयार होतो तो भोकं पाडून, आणि त्या भोकांचा पैसा कुणाला तरी भरावा लागतो. कंपनी भरते म्हणून आपली पोरं चाकणला जातात. आपल्या सार्वजनिक कार्यशाळा, आपल्या शिक्षणसंस्था तो भरणार नसतील, तर पत्रे सुटणार, आणि मी मथळे देणार.

ही एसटी परक्या कुणाची नाही. पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास पूर्ण मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. चोपडा, पारोळा, शिरपूर, साक्री, कुठल्याही गाडीत चढून बघा, आपलीच आई-मावशी बसलेली असते. तिच्या डोक्यावरचा पत्रा नीट बसलाय की नाही, हा विनोदाचा विषय मी केला.

तर मी काय केलंय ते सांगतो.

एक. ती जुनी पोस्ट काढलेली नाही. चूक पुसून टाकणं सोपं असतं. तिच्याखाली ही पोस्ट जोडली आहे.

दोन. आपल्या भागात पत्राकाम आणि वेल्डिंगच्या कारागिरांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि शिकाऊ उमेदवार किती घेतले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकला. कायद्याने 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल तसं इथे टाकेन, चांगलं असो की वाईट.

तीन. तुमच्याकडून एक काम हवंय. गाडीच्या पत्र्यावर रिव्हेटभोवती काळी रेघ दिसली, पत्रा थडथडताना ऐकू आला, तर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायच्या आधी गाडीचा नंबर लिहून घ्या आणि चालक-वाहकाला सांगा. मग स्थानकावर तक्रारवहीत नोंद करा. तारीख घाला, सही करा. वहीतल्या नोंदीला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

नानांना ही पोस्ट टाकायच्या आधी वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, “बरं लिखं. पन नऊ भोकं नव्हती भाऊ. अकरा व्हतीत. दोन तू लपाडीसन खिशात टाकात.”

खरंय. ते दोन तुकडे माझ्या टेबलावर आहेत, कीबोर्डच्या शेजारी.